घोंगडे आणि जेन : कोल्हापूरची लोकरीची बैठक

घोंगडे आणि जेन ही दख्खनी मेंढीच्या लोकरीची दोन रूपे आहेत. घोंगडे मागावर विणले जाते. जेनाला सूतही लागत नाही आणि मागही लागत नाही. लोकर भिजवून, दाबून, मळून तिचा जाड थर बनवतात. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली हे या लोकरीशी जोडलेले महत्त्वाचे गाव. तेथील विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. मेंढ्या राखायच्या त्या धनगरांनी आणि घोंगडी विणायची ती सणगरांनी, अशी या धंद्याची जुनी वाटणी आहे. अंथरूण, पांघरूण, पावसातली खोळ, पूजेचे आसन आणि बैठक अशी घोंगड्याची अनेक कामे. मोटारीच्या आसनावर पसरण्याचे कामही त्याला आता नवे नाही.

दख्खनी मेंढी कमी पावसाच्या पठारावर चालत चरणारी, काटक आणि बहुधा काळ्या रंगाची असते. तिची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, पण मिळते थोडीच आणि तीही जाडीभरडी. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण १८ ते २४ मायक्रॉन जाड असतो. दख्खनीचा सरासरी ४० मायक्रॉनच्या पुढे जातो आणि त्यातले बरेच तंतू आतून पोकळ, केसासारखे राठ असतात. अंगातल्या कपड्याला ही लोकर चालत नाही, कारण ३० मायक्रॉनहून जाड तंतूची टोके त्वचेला टोचतात. बैठकीला मात्र हाच राठपणा उपयोगी पडतो. जाड तंतू वजनाखाली लवकर चपटा होत नाही, घर्षणाने लवकर झिजत नाही आणि तंतूंमधली हवा टिकून राहते.

कातरलेली लोकर रंगाप्रमाणे वेगळी करतात. काळी, पांढरी आणि करडी हे तिचे नैसर्गिक रंग. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळाची लोकर. ती सर्वांत मऊ, म्हणून तिचे घोंगडे महाग. निवडलेली लोकर पिंजून तिच्यातला काडीकचरा काढतात आणि चातीवर किंवा चरख्यावर सूत कातले जाते. हे काम पूर्वापार धनगर घरांतल्या बायकांच्या हातचे.

सुताचा ताणा लांब पसरून त्याला चिंचोक्यांची खळ लावतात. चिंचोके भाजून, साल काढून, भिजवून आणि वाटून शिजवले की चिकट लापशी होते. ती कुंच्याने सुतावर फिरवली की बाहेर आलेले तंतू बसतात आणि विणताना धागा तुटत नाही. माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो. विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो, पावड्या दाबून ताणा उघडतो, त्यातून धोटा टाकतो आणि फणीने आडवा धागा ठोकून बसवतो. खळीमुळे नवे घोंगडे कडक असते. एक-दोन धुण्यांत ते मोकळे होते.

जेनाची रीत निराळी. पिंजलेल्या लोकरीचे थर चटईवर उलटसुलट पसरतात, साबणाचे पाणी शिंपडतात आणि चटईसकट गुंडाळी करून ती दाबत, लाटत राहतात. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. त्यामुळे जेन कापले तरी त्याच्या कडेचे तंतू निघत नाहीत.

मोटारीच्या आसनासाठी परदेशांत मेंढीच्या लोकरदार कातड्याची आच्छादने वापरतात. ती मेरिनो किंवा तिच्या संकरातल्या मेंढ्यांची, दाट लोकरीसकट कमावलेली कातडी असतात. दख्खनी मेंढीची लोकर विरळ आणि केसाळ असल्याने तिचे कातडे या कामाचे नाही. लोकर मात्र तीच सोय देते. ती आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. म्हणून रेक्झिनच्या तापलेल्या आसनावर ती टाकली की पाठीचा घाम टिपला जातो, आणि थंडीत आसन गार लागत नाही.

विकत घेताना चार गोष्टी पाहाव्यात. घोंगडे उजेडासमोर धरले असता वीण सारखी दिसावी, मोठी छिद्रे नसावीत. कड सरळ आणि घट्ट असावी. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासल्यावर रंग उतरू नये. नैसर्गिक काळ्या लोकरीचा रंग उतरत नाही. कडेचा एक धागा जाळून पाहावा : लोकर सावकाश जळते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. जेन घेताना जाडी सगळीकडे सारखी आहे का, आणि दोन्ही बाजूंनी ओढल्यावर थर सुटतात का, हे तपासावे.

मोटारीसाठी बसण्याचा भाग आणि पाठ यांची मापे वेगळी घ्यावीत आणि दोन तुकडे करावेत. जेन नुसते कापले तरी चालते. घोंगड्याच्या कापलेल्या कडेला मात्र सुती पट्टी शिवावीच लागते. खालून न घसरणारे अस्तर आणि मागून इलॅस्टिकचे पट्टे लावले की आच्छादन सरकत नाही. लोकर टोचत असेल तर वरून पातळ सुती कापड शिवावे. सीटबेल्टचे कुलूप पूर्ण मोकळे राहिले पाहिजे. ज्या मोटारींत बाजूची एअरबॅग आसनाच्या पाठीत असते, तिथे पाठीची बाहेरची कड झाकू नये, कारण पिशवी त्याच कडेची शिवण फोडून बाहेर येते. चालकाच्या बाजूला कोणतेही टोक पायांकडे लोंबू देऊ नये. हवा फेकणाऱ्या सच्छिद्र आसनावर जाड जेन घातल्यास ती सोय बंद पडते.

निगा सोपी आहे. धूळ झटकून काढावी. धुताना गार पाणी आणि सौम्य साबण वापरावा. गरम पाण्यात चोळले की लोकर आटते आणि घट्ट होते. पिळू नये, सपाट पसरून सावलीत वाळवावे. पावसाळ्याआधी एकदा चांगले ऊन दाखवावे आणि ठेवणीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, म्हणजे कसर लागत नाही. कोल्हापूरच्या दमट पावसाळ्यात ओले आच्छादन बंद मोटारीत ठेवू नये. ते काढून घरात वाऱ्यावर टाकावे. एवढे केले तर हातचे घोंगडे वर्षानुवर्षे टिकते आणि मेंढपाळाच्या लोकरीला मागणी राहते. मेंढी आज मुख्यतः मांसासाठी पाळली जात असताना या धंद्याला याच मागणीचा आधार आहे.