कटरच्या पात्यावर पाण्याची धार
कष्टाची जागा, जिवाची काळजी : लेखांक ४

इमारतीत फरशीचं काम चालू असलं की जिन्यातच कळतं. कटरचा कर्कश आवाज दोन मजले खाली ऐकू येतो. कोपऱ्यातला तुकडा मापात बसवायचा म्हणून कारागीर फरशी पायाखाली दाबून धरतो, पातं टेकवतो आणि पांढरा लोट उठतो. थोड्याच वेळात त्याच्या भुवया आणि पापण्याही पांढऱ्या होतात. नाकातोंडावर गमछा असतो. संध्याकाळी तो हातपाय धुतो आणि धूळ निघून गेली असं समजतो.

मागच्या लेखांकात परांचीवरून पडण्याच्या अपघातांविषयी वाचलं. पडलेला माणूस सगळ्यांना दिसतो. धुळीने आजारी पडलेला मजूर मात्र बहुतेकदा दहा-पंधरा वर्षांनी, गावी परतल्यावर धापा टाकू लागतो. तोवर ठेकेदार बदललेला असतो आणि त्याने फरशी बसवलेल्या घरात एक पिढी वाढलेली असते.

वाळू, ग्रॅनाइट, काँक्रीट, विटा, टाइल्स या सगळ्यांत कमी-अधिक सिलिका असते. गारगोटी म्हणजे तिचंच रूप. किचन ओट्यासाठी हल्ली लोकप्रिय झालेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत तर तिचं प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतं. लादी नुसती पडून असेल तर तिचा काही त्रास नाही. ती कापली, घासली, फोडली की धोका सुरू होतो.

डोळ्यांत जाते ती भरड धूळ. फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे कण पाच मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. शरीरातल्या रक्षक पेशी हे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात, कण मोकळे होतात, दुसऱ्या पेशी त्यांना गिळतात. या झटापटीत फुफ्फुसावर व्रण उठत जातात आणि मऊ, लवचीक फुफ्फुस निबर होतं. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही, आणि धुळीचं काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. त्यातून क्षयरोगाचा धोका वाढतो; शिवाय खोकला, धाप आणि वजन घटणं ही लक्षणंही सारखीच. त्यामुळे क्षयाची औषधं खात राहिलेल्या कित्येकांचा खरा आजार कळतच नाही.

किती धूळ चालते? अमेरिकेने २०१६ साली मर्यादा ठरवली : आठ तासांच्या सरासरीने, घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम. काम करणारा माणूस एका पाळीत साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. चिमटीतलं मीठ याच्या शेकडो पट भरतं.

उपाय मात्र जुना आणि स्वस्त आहे : पाणी. तो ठाऊक असूनही टाळला की काय होतं, हे अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात १९३०-३१ मध्ये दिसलं. हॉक्स नेस्ट इथे डोंगरातून सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा खोदला जात होता आणि खडक सिलिकाने भरलेला होता. ओलं ड्रिलिंग माहीत होतं, पण काम वेगाने उरकण्यासाठी कोरडंच ड्रिलिंग चाललं. मजुरांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. काँग्रेसपुढच्या १९३६च्या चौकशीत ४७६ मृत्यूंचा आकडा आला, डॉ. मार्टिन चर्निअक यांनी १९८६च्या पुस्तकात तो ७६४ असावा असा अंदाज मांडला.

मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा बिघडली, तेव्हा महापालिकेने बांधकामांना नियमावली दिली. उंच इमारतींभोवती ३५ फुटी पत्रे, हिरवं कापड किंवा ताडपत्री, कापण्या-घासण्याची कामं बंदिस्त जागेत आणि सतत फवारा मारत, मजुरांना मास्क. नियम चांगले आहेत. पण पत्रे रस्त्यावरच्या माणसाला वाचवतात; आत कटर धरलेला माणूस लोटापासून हातभर अंतरावर असतो. बंदिस्त खोलीत पाण्याविना कटर चालला, तर शेजाऱ्यांची हवा स्वच्छ राहते आणि कारागिराची कित्येक पटींनी बिघडते.

म्हणून धूळ उठते तिथेच ती दाबली पाहिजे. मोठ्या कटरच्या पात्यावर मिनिटाला निदान अर्धा लिटर पाण्याची धार असावी, असं ब्रिटनचं सुरक्षा खातं सांगतं. त्याने बहुतांश धूळ चिखल होऊन खाली बसते. मशीन पाण्याची जोडणी असलेलंच हवं आणि विजेच्या बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी हवा, नाहीतर एक धोका टाळताना शॉकचा दुसरा ओढवेल. भिंतीत वायरींसाठी झिऱ्या मारताना पाणी चालत नाही. तिथे पात्याभोवती झाकण आणि त्याला जोडलेला, बारीक धूळ अडवणारा व्हॅक्यूम लागतो. शेवटी कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. मास्क याच्या जोडीला, याच्या बदली नाही. तो एन ९५ किंवा त्याहून सरस असावा आणि चेहऱ्याला घट्ट बसावा. गमछा हे बारीक कण अडवत नाही.

राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण आणलं. निदानाचं प्रमाणपत्र मिळालेल्या रुग्णाला ३ लाख रुपये आणि त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख. तिथल्या खाणमजुरांनी आणि पाथरवटांनी ही मदत फुफ्फुसं गमावून मिळवली आहे.

तुमच्या घरी पुढच्या वेळी फरशी किंवा ओटा बसवायचा ठरेल, तेव्हा ठेकेदाराशी रंग आणि दर बोलताना एवढंही ठरवून घ्या : कटर पाण्याचा असेल, मास्क एन ९५ असतील आणि त्यांचे पैसे मजुरीतून कापले जाणार नाहीत. पाण्याची बादली आपण भरून द्यावी.

(पुढील आठवड्यात : उन्हाळा आणि स्लॅबचं काम)