बँकेनें कापलेले पैसे परत कसे मागावे?

किराणा दुकानाचें बिल दोन वेळां तपासणारा आणि भाजीवालीशीं दोन रुपयांकरितां घासाघीस करणारा सुशिक्षित गृहस्थ बँकेचें पासबुक मात्र शेवटची शिल्लक पाहून मिटून ठेवतो. बँक ही मोठी संस्था, तिची वही यंत्र लिहितें, आणि यंत्र चुकत नाहीं, अशी त्याची श्रद्धा असते. श्रद्धा चांगली, परंतु हिशेबाच्या कामीं ती उपयोगी पडत नाहीं.

त्या पासबुकांत अधूनमधून कांहीं लहान ओळी आढळतात. कोठें ११८ रुपये वजा, कोठें २३६, कोठें ५९०. पुढें इंग्रजी आद्याक्षरें असतात. त्यांचा अर्थ लागत नाहीं, म्हणून कोणी विचारीत नाहीं. या आंकड्यांचें इंगित सोपें आहे. मूळ आकार शंभर, दोनशें किंवा पांचशें रुपयांचा असतो आणि त्यावर शेकडा १८ प्रमाणें वस्तु व सेवा कर चढतो. हा आकार केव्हां न्याय्य, केव्हां अन्याय्य, आणि अन्याय्य असल्यास तो परत कसा मिळवावा, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा प्रश्न किती घरांना भिडणारा आहे, हें ऑगस्ट २०२४ मध्यें साऱ्या महाराष्ट्रास दिसून आलें. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दोन महिन्यांचे मिळून ३,००० रुपये त्या महिन्यांत बायकांच्या खात्यांवर जमा होऊं लागले. त्यांपैकीं पुष्कळ खातीं दीर्घकाळ रिकामीं पडलेलीं होतीं आणि किमान शिल्लक नाहीं म्हणून त्यांवर दंडाची बाकी चढलेली होती. पैसे येतांच कांहीं बँकांनीं आधीं आपली बाकी वळती करून घेतली. जिच्याकरितां ते पैसे आले तिच्या हातीं उरलेंसुरलें पडलें. तक्रारी झाल्यावर ही रक्कम कोणत्याही जुन्या येण्यांत वळती करूं नये, असें राज्य शासनानें बँकांना बजावलें. तें योग्यच झालें. पण मूळ प्रश्न त्याच्याही आधींचा आहे. रिकाम्या खात्यावर दंडाची बाकी चढलीच कशी?

रिझर्व्ह बँकेनें २० नोव्हेंबर २०१४ रोजीं काढलेलें आणि १ एप्रिल २०१५ पासून अंमलांत आलेलें परिपत्रक या बाबतींत निःसंदिग्ध आहे. बचत खात्यांतील शिल्लक ठरलेल्या किमान रकमेखालीं गेली तर बँकेनें प्रथम खातेदारास संदेश अथवा पत्र पाठवून तसें कळवावें. शिल्लक भरून काढण्यास निदान एक महिन्याची मुदत द्यावी. त्यानंतरच दंड घ्यावा, आणि तोही जितकी रक्कम कमी पडली असेल तिच्या प्रमाणांत. सर्वांत महत्त्वाचें कलम असें कीं, केवळ या दंडामुळें खात्यांतील शिल्लक शून्याखालीं जातां कामा नये. अर्थात् ज्या खात्यांत चाळीस रुपये आहेत त्यांतून या दंडापोटीं फार तर चाळीस रुपये जातील. खातेदारानें न मागितलेला ओव्हरड्राफ्ट त्याच्या माथीं मारून, म्हणजे त्याच्या नांवें कर्ज मांडून, दंड वसूल करणें या नियमांत बसत नाहीं. निष्क्रिय खात्यांवर किमान शिलकेचा दंड घेऊं नये, असें रिझर्व्ह बँकेनें त्याच वर्षाच्या मे महिन्यांत सांगितलें होतें. आणि ज्यास किमान शिल्लक राखणें शक्य नाहीं, त्यास ‘मूलभूत बचत ठेव खातें’ मागण्याचा मार्ग २०१२ पासून मोकळा आहे. त्या खात्यास ही अट मुळींच नाहीं.

धनकोच्या मागणीस कोठें तरी सीमा असावी, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. कौटिल्यानें शंभर पणांस दरमहा सव्वा पण हें धर्म्य व्याज मानलें आहे. मुद्दल व व्याज मिळून एका वेळीं घ्यावयाची रक्कम मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊं नये, असा निर्बंध मनुस्मृतींत आहे. त्यालाच व्यवहारांत दामदुप्पट म्हणतात, आणि मुंबई इलाख्यांतील न्यायालयें तो इंग्रजी अमदानींतही मानीत असत. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथून सावकारांविरुद्ध दंगे उसळले. त्यानंतर १८७९ सालीं झालेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांविषयींच्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, आणि शेतकऱ्यास सावकाराकडून पावती व वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क दिला. दंगेखोरांनीं सावकारांचे रोखे जाळले होते. आज कागद जाळण्याचें कारण उरलेलें नाहीं. ते वाचण्याचें मात्र आहे.

एका ओळींतील रक्कम क्षुल्लक दिसते. बेरीज क्षुल्लक नसते. स्टेट बँकेनें एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत किमान शिलकेच्या दंडापोटीं सुमारें १,७७१ कोटी रुपये गोळा केले. त्याच वर्षाच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहींतील तिच्या निव्वळ नफ्याहून ही रक्कम अधिक होती. सरकारी व प्रमुख खासगी बँकांनीं २०१८ पासून या एका सदराखालीं २१,००० कोटींहून अधिक रुपये घेतल्याचें केंद्र सरकारनें ऑगस्ट २०२३ मध्यें राज्यसभेंत सांगितलें. टीका झाली, तसे बदलही झाले. स्टेट बँकेनें मार्च २०२० मध्यें हा दंड सोडला. २०२५ सालीं कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनींही तोच मार्ग धरला. तथापि सर्व बँकांनीं असें केलेलें नाहीं, आणि धनादेश परत गेल्याचा किंवा हप्ता न वटल्याचा आकार बहुतेक ठिकाणीं चालूच आहे.

मागितल्यानें पैसे परत येतात काय? येतात. मूलभूत खात्यांतून महिन्यांत चारांहून अधिक वेळां पैसे काढल्यास प्रत्येक व्यवहारास १७ रुपये ७० पैसे कापले जात, ही गोष्ट आय. आय. टी. मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनीं चिकाटीनें उजेडांत आणली. १ जानेवारी २०२० नंतर ठराविक इलेक्ट्रॉनिक व्यवहारांवर घेतलेले आकार परत करावे, असें प्रत्यक्ष कर मंडळानें ३० ऑगस्ट २०२० रोजीं बँकांस सांगितलें, आणि त्यांच्या अहवालाप्रमाणें स्टेट बँकेनें सुमारें ९० कोटी रुपये खातेदारांस परत केले.

मात्र मागणीचा पाया नीट पाहून घातला पाहिजे. याचा धडा इंग्लंडांत मिळतो. तेथें विनासंमति ओव्हरड्राफ्टवर बँका जबर आकार घेत. २००६ व २००७ सालीं हजारों खातेदारांनीं तो परत मागितला आणि पुष्कळांना मिळालाही. पुढें सात बँका व एक गृहकर्ज संस्था यांजविरुद्ध सरकारी खात्याचा कसोटीचा दावा उभा राहिला. २५ नोव्हेंबर २००९ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, हे आकार बँकेच्या सेवेच्या किंमतीचाच भाग आहेत. ते फार आहेत एवढ्याच कारणावरून या नियमांखालीं त्यांची न्याय्यता तपासतां येणार नाहीं. अखेर एप्रिल २०२० मध्यें नियंत्रक संस्थेनें असे ठोक आकार बंद करून एकच वार्षिक व्याजदर सांगण्याची सक्ती केली, तेव्हां गाऱ्हाणें मिटलें. तात्पर्य, ‘दंड फार आहे’ हें रडगाणें दुबळें; ‘दंड अमुक नियमाविरुद्ध आहे’ हें म्हणणें बळकट.

एक उदाहरण सांगतों. धुळ्यांतील आमच्या एका वृद्ध शेजारीण बाईंच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यांतून दरमहा १,८०० रुपयांचा हप्ता जात असे. एका महिन्यांत वेतन उशिरां आलें. हप्त्याची मागणी त्या महिन्यांत चार वेळां लावली गेली, चारही वेळां ती परत गेली, आणि प्रत्येक वेळीं ५९० रुपये कापले गेले. दंड झाला २,३६० रुपये, म्हणजे हप्त्याहून मोठा. बाई म्हणाल्या, ‘‘भाऊ, औषधांचे पैसे गेले, आतां कोणाला विचारूं?’’ आम्ही पत्र लिहून दिलें. एकाच हप्त्याची मागणी चारदां कोणाच्या सांगण्यावरून लावली, प्रत्येक वेळीं सूचना केव्हां दिली, आणि दरपत्रकांतील कोणत्या कलमाखालीं आकार घेतला, इतकेंच त्यांत विचारलें होतें. तीन आठवड्यांनीं तीन आकार, म्हणजे १,७७० रुपये, खात्यांत परत आले. पहिला आकार कायम राहिला. तो राहणें योग्यच होतें, कारण त्या दिवशीं खात्यांत पैसे खरोखरच नव्हते. जें आपल्याकडून चुकलें त्याचे पैसे द्यावे. जें चुकलें नाहीं त्याचे मागावे.

जळगांवच्या डाळ-व्यापाऱ्यापासून रावेरच्या केळीं-बागाइतदारापर्यंत ज्यांचें ओव्हरड्राफ्टचें अथवा कर्जाचें खातें आहे, त्यांनीं आणखी दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणें कर्जाची अट मोडल्याचा दंड व्याजदरांत मिसळतां येत नाहीं, आणि त्या दंडावर पुन्हां व्याजही आकारतां येत नाहीं. तसेंच, रक्कम हातीं पडण्यापूर्वींच्या दिवसांचें व्याज कांहीं संस्था लावीत असल्याचें तपासणींत आढळल्यावर, असें जादा व्याज परत करण्याविषयीं रिझर्व्ह बँकेनें सांगितल्याचें २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकांत नमूद आहे.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम गेल्या वर्षाचा खातेउतारा घेऊन जमा-खर्चाशीं न जुळणाऱ्या वजा रकमांवर खूण करावी. नंतर शाखाधिकाऱ्यास लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही व शिक्का घ्यावा. खिडकीवरील कारकुनाशीं भांडूं नये. दर त्यानें ठरविलेले नसतात. तीस दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेलें उत्तर पटत नसल्यास, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करतां येते. ही सोय १९९५ पासून आहे. २०२१ पासून टपालानें येणाऱ्या तक्रारी चंदीगड येथील केंद्रांत घेतल्या जाऊं लागल्या, आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळण्याची व्यवस्था झाली. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानें आपण राहतों त्याच जिल्ह्यांत दाद मागतां येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाहीं. जळगांव व धुळें या दोन्ही ठिकाणीं जिल्हा आयोग आहेत. मात्र पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्याविषयींचें गाऱ्हाणें लोकपालाकडे न जातां सहकार खात्याच्या निबंधकाकडे न्यावें लागतें.

अर्जास पांडित्य लागत नाहीं. पुढील मजकूर पुरे: ‘माझ्या खात्यांतून अमुक तारखेस इतके रुपये वजा झाले आहेत. हा आकार कोणत्या नियमान्वयें घेतला, त्याची पूर्वसूचना मला केव्हां व कशी दिली, हें लेखी कळवावें. सूचना दिलेली नसल्यास, किंवा या आकारामुळें खात्यांतील शिल्लक शून्याखालीं गेली असल्यास, रक्कम माझ्या खात्यांत परत जमा करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास मला लोकपालाकडे जावें लागेल.’ खालीं नांव, खातें क्रमांक, तारीख आणि सही. घरांतील ज्या वृद्ध माणसांस स्वतः लिहितां येत नाहीं, त्यांचें पासबुक या महिनाअखेर आपण मागून घ्यावें आणि त्यांच्या शेजारीं बसून ओळीनें वाचावें.