गिलाव्याआडचे तांबे

प्राणवायूचा विषय वसई-विरारमध्ये निघाला, की बोलणे हटकून एप्रिल २०२१ वर येऊन ठेपते. त्या महिन्याच्या १२ तारखेला नालासोपाऱ्यात करोनाचे अनेक रुग्ण एकाच दिवशी दगावले, नातलगांनी प्राणवायूच्या तुटवड्याचा आरोप केला आणि रुग्णालयाने तो फेटाळला. २१ तारखेला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागून नळ्यांतील दाब उतरला आणि किमान २२ रुग्ण प्राणास मुकले. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ तारखेच्या पहाटे, विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून किमान १३ रुग्ण मृत्युमुखी पडले. या तिन्ही घटनांची जात निरनिराळी आहे आणि त्यांना एका माळेत ओवणे न्याय्य होणार नाही. मात्र त्यांच्यामुळे लोकांचे लक्ष टँकर, टाकी आणि सिलिंडर या डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवर खिळले, आणि टाकीपासून रुग्णाच्या उशाशी असलेल्या आउटलेटपर्यंत, गिलाव्याआडून किंवा आडछताच्या पोकळीतून जाणारी तांब्याची नळी चर्चेच्या बाहेरच राहिली.

ही नळी साध्या पाण्याच्या नळीहून वेगळी. कारखान्यातून निघतानाच तिची आतील बाजू तेल-ग्रीसचा अंशही उरणार नाही अशी धुतलेली असते आणि दोन्ही टोकांना टोपणे लावलेली असतात, कारण दाबाखालील प्राणवायूच्या सान्निध्यात तेलाचा थेंबही पेट घेऊ शकतो. टोपणे काढून नळ्या चार दिवस बांधकामाच्या धुळीत पडू देणारा मक्तेदार कारखान्याची सारी मेहनत वाया घालवतो. पण कारागिराची खरी परीक्षा होते ती सांध्यापाशी. सांधा चांदीमिश्रित सळईने झाळताना तांबे तापून लाल होते, आणि त्या वेळी नळीत साधी हवा असेल तर आतल्या पृष्ठभागावर काळी खपली धरते. ही खपली बाहेरून दिसत नाही. पुढे कित्येक महिन्यांनी ती सुटते, प्राणवायूच्या ओघाबरोबर वाहते आणि व्हेंटिलेटरच्या गाळणीत जाऊन बसते. म्हणून झाळकाम चालू असेतोवर नळीतून नत्रवायूचा मंद झोत सोडून ठेवावा असा दंडक आहे. तो पाळला गेला की नाही, हे सांगणारा साक्षीदार एकच: झालेल्या कामातून निवडक सांधे कापून काढावेत, उभे चिरावेत आणि उजेडात धरावेत. आतले तांबे नव्या भांड्यासारखे लखलखीत दिसले तर काम चोख. कढईच्या बुडासारखे काळे दिसले तर त्या फिटरने जोडलेला प्रत्येक सांधा संशयास्पद. नत्रवायूचा एक सिलिंडर वाचवण्याच्या मोहापायी हे पथ्य मोडले जाते, आणि भिंत बुजल्यावर ते कोणालाही सिद्ध करता येत नाही.

त्यानंतर दाबाची चाचणी. नळी नत्रवायूने भरून, सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे, आणि मग चोवीस तास दाबमापकाचा काटा कितपत स्थिर राहतो याची नोंद करायची, अशी ही रीत. तिच्यात एक बारकावा आहे. नळी दहा बारपर्यंत भरली असेल आणि वसईच्या ऑक्टोबरात दुपारचे तापमान पहाटेपर्यंत दहा अंशांनी उतरले, तर गळतीचा लवलेश नसतानाही काटा सुमारे एक तृतीयांश बारने खाली येतो. उलट संध्याकाळी सुरू करून दुपारी पाहिलेल्या चाचणीत तापमानाची ही वाढ खरी गळती झाकूनही टाकते. सबब ज्या दाखल्यावर दाबाशेजारी तापमानाचा रकाना नाही, तो दाखला मी पुरावा मानणार नाही.

आणि तापमानासकट सारे रकाने बिनचूक भरले, तरीही एक प्रश्न विचारायचा राहूनच जातो. होळकरांच्या इंदूरमध्ये, महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या नव्याने सज्ज केलेल्या बालशस्त्रक्रियागृहात, मे २०१६ मध्ये लागोपाठ दोन मुलांचा मृत्यू झाला. प्राणवायूच्या जागी नायट्रस ऑक्साइडची, म्हणजे भूल देताना वापरल्या जाणाऱ्या वायूची, नळी जोडली गेली होती. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या बँक्सटाउन-लिडकम रुग्णालयात, जून आणि जुलैमध्ये दोन नवजात बालकांना नेमक्या याच प्रकाराची बाधा झाली. एक दगावले, दुसऱ्याच्या मेंदूला गंभीर इजा पोहोचली. तेथील सदोष आउटलेट जुलै २०१५ मध्ये बसवलेले होते, म्हणजे जवळपास वर्षभर ते प्राणवायूचे नाव मिरवत भिंतीवर उभे होते. इंदूर आणि सिडनी यांच्या साधनसंपत्तीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. चुकीत काडीचेही नाही.

आडव्यातिडव्या जोडलेल्या नळ्या चोवीस तासच काय, चोवीस वर्षे दाब धरून ठेवतील. नळी गळते का आणि नळीत काय आहे, हे दोन स्वतंत्र प्रश्न असून पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले, हा समजच घातक ठरतो. निरनिराळ्या वायूंच्या आउटलेटांची तोंडे निरनिराळ्या घडणीची असतात, सिलिंडरांना रंग आणि खुंट्यांची सांकेतिक रचना असते. पण हा सारा बंदोबस्त भिंतीच्या अलीकडचा आहे, पलीकडे सर्व तांबे सारखेच दिसते. शस्त्रक्रियागृहातील प्रसंग तर अधिकच भयंकर, कारण रुग्णाच्या रक्तातील प्राणवायू घसरू लागला की भूलतज्ज्ञ साहजिकच प्राणवायूची कळ अधिक उघडतो, आणि जोडणी चुकलेली असेल तर त्याच्या प्रत्येक प्रयत्नासरशी विपरीत वायूच अधिक जातो.

यावर उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे. सर्व नळ्यांतील दाब उतरवायचा, एकच नळी भरायची, आणि इमारतीतील यच्चयावत आउटलेट, मग ती कोणत्याही वायूची असोत, एकेक करून उघडायची. भरलेल्या नळीचीच आउटलेट वाहिली पाहिजेत, इतर सर्व मुकी राहिली पाहिजेत. मग पुढची नळी. अखेरीस नत्रवायू काढून प्रत्यक्ष वायू सोडायचा आणि प्रत्येक तोंडाशी प्राणवायूमापक धरायचा: टाकीच्या प्राणवायूला शंभराच्या जवळचा आकडा, हवेतून प्राणवायू वेगळा काढणाऱ्या यंत्राच्या पुरवठ्याला सुमारे ९३, शुद्ध हवेला २१, नायट्रस ऑक्साइडला शून्य. ही चाचणी ज्याने नळी टाकली त्याने एकट्याने करू नये, आणि अखेरचा आकडा वाचताना भूलतज्ज्ञ स्वतः उपस्थित असावा.

आपल्याकडे टाकीचा परवाना नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडून मिळतो, प्राणवायू हे औषध म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीत येते, शुश्रूषागृहाची नोंदणी १९४९ च्या अधिनियमाखाली महापालिकेच्या दप्तरी होते आणि अग्निसुरक्षेचा अंमल २००६ च्या कायद्याने चालतो. या चार मेजांच्या मधल्या फटीत भिंतीतली नळी सहज हरवते, असे माझे मत आहे. २००९ मध्ये महापालिका झालेल्या वसई-विरारमध्ये, जेथे कित्येक शुश्रूषागृहे राहत्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर आहेत, ती फट अधिकच रुंद होते; शेजारचा गाळा घेतला, भिंत फोडली, जुन्या नळीला फाटा जोडला आणि चार खाटा वाढवल्या, एवढ्या कामासाठी संपूर्ण चाचणीची तजवीज कोण करतो? वास्तविक फाटा जोडला की नव्या खाटांबरोबर त्या नळीवरील जुन्या खाटांचीही आउटलेट पुन्हा तपासली पाहिजेत, आणि तोवर त्या रुग्णांना सिलिंडरवर ठेवले पाहिजे.

विभागाच्या दारापाशी काचेच्या पेटीत बसवलेली झोन व्हॉल्व्हची मूठ हाही याच कामाचा भाग. आग लागली असता प्राणवायूचा ओघ तोडण्यासाठी ती असते, पण ती फिरवणे म्हणजे आत उरलेल्या रुग्णांचा श्वास तोडणेही असल्याने, रात्रपाळीला हा अधिकार कोणाचा, हे अगोदरच लेखी मुक्रर झालेले असावे लागते. पेटीवर ती कोणत्या खाटांचा वायू बंद करते हे मराठीत लिहिलेले असावे, आणि फाटा वाढवल्यावर ती पाटीही बदललेली असावी.