पडण्याची भीती आणि ठरलेली भेट

उतारवयातील छंद, घरातील अपघात आणि मैत्री यांचा विचार एरवी निरनिराळा केला जातो, कारण छंद हा वेळ घालवण्याचा मार्ग, अपघात हा नशिबाचा भाग आणि मैत्री ही ज्याच्या त्याच्या स्वभावाची बाब मानली जाते. परंतु वार्धक्यशास्त्र, म्हणजे म्हातारपणातील शरीर, मन आणि समाजजीवन यांचा एकत्र अभ्यास करणारी ज्ञानशाखा, या तिन्हींतील नाते फार जवळचे मानते. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, जळगाव रस्त्यावर असलेल्या हर्सूलसारख्या, जुने गाव आणि नव्या वसाहती एकमेकांत मिसळलेल्या भागात हे नाते विशेष स्पष्ट दिसते.

या शहरात जायकवाडी धरणाचे नळाचे पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतराने येत आले असल्यामुळे पाणी साठवणे हा घरकामाचाच एक भाग होऊन बसला आहे, आणि ओली फरशी, न्हाणीघरातील बादल्यांची दाटी, गच्चीवरील टाकी पाहण्यासाठी चढावा लागणारा जिना ही पडण्याची ठिकाणे त्यातूनच तयार होतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरमध्ये वीज चालू ठेवूनच पाणी भरण्याची सवय तर जिवावर बेतणारी आहे. शरीराच्या बाजूने पाहता, अंथरुणातून उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 अंकांनी किंवा त्याहून अधिक उतरणे हा वृद्धांत वारंवार आढळणारा दोष असून, रात्री लघवीसाठी घाईने उठणाऱ्या माणसाला त्यामुळे भोवळ येते. हाडे आधीच ठिसूळ झालेली असतील तर अशा पडण्यात खुब्याचे हाड मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील माणसांचे प्रमाण सर्वाधिक असते.

याहून कमी चर्चिला जाणारा, पण अधिक दूरगामी परिणाम म्हणजे पडण्याची भीती. एकदा पडलेला माणूस, आणि त्याच्याहूनही अधिक त्याचे कुटुंबीय, बाहेर जाणे थांबवतात. चालणे कमी झाल्याने मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल सांभाळण्याची सवय सुटते आणि ज्या अपघाताला भिऊन माणूस घरी बसला तोच अधिक संभवतो. “आता बसून राहा, काही करू नका” हा मुलासुनांचा सल्ला मायेपोटी दिलेला असला तरी तो घातकच म्हणावा लागतो. तोल आणि हालचाल सुधारणाऱ्या व्यायामांनी पडण्याचे प्रमाण सुमारे 24 टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष कॉक्रेन या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेने 2019 साली मांडला आहे.

असा व्यायाम मराठवाड्याच्या लोकजीवनाला नवा नाही. वारकरी भजनातील पावली, म्हणजे टाळाच्या लयीवर पुढे-मागे टाकली जाणारी पावले, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर नेण्याचा उत्तम सराव देते, शिवाय पाठांतराने स्मरणाला काम मिळते आणि मोठ्याने गाताना श्वासही लांबतो. पैठणच्या एकनाथांची परंपरा जवळ असलेल्या या प्रदेशात भजनी मंडळाकडे केवळ भक्तीचे नव्हे तर आरोग्याचेही साधन म्हणून पाहायला हवे. हर्सूल तलावाच्या परिसरातील सकाळचे फिरणे किंवा अंगणातील कढीपत्ता आणि तुळशीची निगराणी यांचेही मोल असेच आहे.

मैत्रीचे काम येथे अगदी व्यवहारातले आहे. पडल्यानंतर तासाहून अधिक काळ जमिनीवर अडकून राहिल्यास स्नायूंना इजा होते आणि शरीरातील पाणी कमी होते, म्हणून एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत तो आज आला नाही हे कोणाच्या लक्षात येते, यावर बरेच अवलंबून असते. रोज ठरलेल्या वेळी भेटणाऱ्या सोबत्याच्या ते आपोआप लक्षात येते आणि घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे असली तर दारही फोडावे लागत नाही. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक उपयुक्त आहेच, मात्र तो फिरवण्यासाठी माणसाचा हात फोनपर्यंत पोहोचावा लागतो. राज्याच्या एसटीने ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला, तेव्हा भाड्याची अडचण दूर झाली; गाडीची पहिली उंच पायरी मात्र तशीच आहे, आणि ती चढताना हात द्यायला सोबतीला कोणी असेल तरच अनेक ज्येष्ठ पैठणला निघतात.