विश्लेषण : वन-बीएचकेतला हस्की... घर लहान की दिवस रिकामा?

सकाळी साडेनऊला फ्लॅटचे दार बाहेरून बंद होते. एक जण एमआयडीसीत, एक जण बँकेत, मूल शाळेत. संध्याकाळी सहाला दार उघडते तेव्हा सोफ्याचा कापूस हॉलभर पसरलेला असतो, जोडातली एकच चप्पल शिल्लक असते आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आलेला असतो : तुमचा कुत्रा दुपारभर ओरडत होता.

मोठ्या शहरांत हे चित्र जुने आहे. जळोचीसारख्या, एकेकाळी स्वतंत्र ग्रामपंचायत असलेल्या आणि आता बारामती नगर परिषदेच्या हद्दीत आलेल्या भागात ते नवे आहे. इथल्या वस्तीवरच्या कुत्र्याला फिरवायला नेण्याची वेळ कधी कोणावर आली नव्हती. तो स्वतःच फिरून यायचा. आता घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि कुत्रा लॅब्रेडॉर, बीगल किंवा थेट हस्की. अशा वेळी पहिला निष्कर्ष निघतो तो ‘फ्लॅट लहान पडतो’ हा. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

चपलांवरच राग का?

कारण या जाती शोभेसाठी तयार झालेल्या नाहीत. बीगल सशाचा माग काढण्यासाठी, बॉर्डर कॉली मेंढ्या वळवण्यासाठी, लॅब्रेडॉर कोळ्यांना पाण्यातून वस्तू आणून देण्यासाठी आणि पुढे शिकारीत मारलेले पक्षी उचलून आणण्यासाठी घडवला गेला. तोंडात काहीतरी धरून घरभर हिंडणारा लॅब्रेडॉर खोडसाळपणा करत नसतो. त्याला तेच काम येते.

हस्कीचे उदाहरण सर्वांत बोलके. सायबेरियातल्या चुकची लोकांनी स्लेज ओढण्यासाठी हे कुत्रे पाळले. १९२५ मध्ये अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध स्लेजवरून सुमारे १,०८५ किलोमीटर नेण्यात आले. सुमारे २० चालक आणि दीडशे कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने, उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीत, साडेपाच दिवसांत हे अंतर कापले. त्या वंशाचे पिल्लू निळ्या डोळ्यांसाठी घेतले जाते आणि दिवसातून दोनदा पार्किंगपर्यंत नेऊन आणले जाते.

कामाच्या कुत्र्याचा दिवस कसा असतो, हे पाहायला अलास्काला जायची गरज नाही. बारामती तालुक्यातच काटेवाडीला संत तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. या पट्ट्यातल्या मेंढपाळांच्या वाड्यावरचा कुत्रा दिवसभर कळपाबरोबर चालतो, रात्री राखण करतो. त्याला चप्पल फाडायला सवडच नसते.

मग जागा किती लागते?

प्रौढ कुत्रा दिवसातले साधारण १२ ते १४ तास झोपतो. घरात त्याला हवी असते पसरून झोपण्याएवढी शांत जागा आणि पाय घसरणार नाही अशी जमीन. गुळगुळीत टाइल्सवर धावून, वळून सांध्यांवर ताण येतो, त्यामुळे हॉलमध्ये सतरंजी किंवा रबरी मॅट टाकलेली बरी. बाकी चौरस फुटांचा हिशेब फारसा कामाचा नाही. बंगल्याच्या फाटकाला दिवसभर बांधून ठेवलेल्या कुत्र्यापेक्षा दोन खोल्यांत राहून रोज दीड तास बाहेर जाणारा कुत्रा सुखी असतो.

फिरवणे म्हणजे नेमके काय?

इथेच बहुतेकांचे गणित चुकते. पाच मिनिटे खाली नेऊन आणणे म्हणजे फिरवणे नव्हे, ते शी-शूला नेणे झाले. आणि नुसते पळवणेही पुरत नाही. रोज अर्धा तास चेंडू फेकत राहिलात तर महिन्याभरात कुत्रा थकण्याऐवजी आणखी तंदुरुस्त होतो आणि पाऊण तास मागू लागतो.

खरा थकवा नाकातून येतो. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी काही लाखांत असतात, कुत्र्याच्या नाकात काही कोटींत. प्रत्येक खांबाशी थांबून हुंगणे हे त्याचे वाचन असते. पट्टा ओढत त्याला पुढे नेणे म्हणजे हातातला पेपर हिसकावणे. सकाळच्या फेरीतला निम्मा वेळ तरी कुत्र्याच्या गतीने, लांब पट्ट्यावर, हुंगत जाऊ द्यावा.

घरातही हेच तत्त्व चालते. जेवण ताटलीत देण्याऐवजी जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत लपवावे, खोलीत चार ठिकाणी ठेवून शोधायला लावावे, दही गोठवून चाटायला द्यावे. ‘बस’, ‘थांब’, ‘जागेवर जा’ याचा पाच-पाच मिनिटांचा सराव दिवसातून तीनदा. खर्च शून्य. पावसाळ्यात बाहेर जाणे अवघड होते तेव्हा तर हाच आधार.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. वाढत्या पिल्लाला लांब पळवू नये आणि रोज जिने चढ-उतार करायला लावू नये, हाडांची टोके अजून कोवळी असतात. जर्मन शेफर्डसारख्या खोल छातीच्या कुत्र्याला जेवल्यावर लगेच पळवू नये, पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो.

बारामतीच्या उन्हात?

हा भाग पर्जन्यछायेचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. म्हणून उन्हाळ्यात फेरी सूर्योदयापूर्वी किंवा रात्री. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजेही भाजणार. जोरजोरात धाप, घट्ट लाळ, डळमळती चाल, उलटी ही उष्माघाताची लक्षणे. सावलीत नेऊन साधे पाणी अंगावर ओतावे, पंखा लावावा आणि लगेच पशुवैद्य गाठावा.

नीरा डाव्या कालव्याच्या कडेने फिरवायला अनेकांना आवडते. तिथे पट्टा सोडू नये. भरल्या कालव्यात उतरलेल्या कुत्र्याला तिरप्या काठावरून वर येता येत नाही. गवतातून, शेताच्या कडेने आल्यावर कान, बोटांमधल्या फटी आणि शेपटीखाली गोचीड तपासावेत, त्यांच्यामुळे होणारा ताप अंगावर काढण्यासारखा नसतो. आणि बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात द्राक्षे घरोघरी असतात म्हणून सांगायला हवे : द्राक्षे, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. एकसुद्धा देऊ नये.

दार लावल्यावर काय घडते?

जुना मोबाइल कपाटावर ठेवून रेकॉर्डिंग लावा. मालक गेल्यावर कुत्रा झोपला आणि दोन तासांनी उठून उशी फाडली, तर तो कंटाळा, वर सांगितलेले उपाय लागू पडतील. पण दार लागल्याच्या पहिल्या अर्ध्या तासातच येरझाऱ्या, लाळ, विव्हळणे, दाराची चौकट कुरतडणे सुरू झाले, तर ती एकटेपणाची भीती असू शकते. तिला जास्त व्यायाम हे उत्तर नाही. आधी दोन मिनिटे, मग पाच, मग दहा असे हळूहळू एकटे राहायला शिकवावे लागते आणि पशुवैद्याचा सल्ला घ्यावा लागतो. ओरडल्याबद्दल मारणे दोन्हींत निरुपयोगी.

सोसायटी कुत्रा बंद करू शकते का?

नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रहिवासी संघटनांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, आकारावरून किंवा भुंकण्याच्या कारणावरूनही नाही. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये अशा बंदीच्या तरतुदी बेकायदा ठरवल्या. मात्र ओरड थांबवण्याचे प्रयत्न करणे, घाण उचलणे आणि रेबीजची लस वेळेवर देणे हे मालकाकडेच येते.

कायद्याची दुसरी बाजू कमी लोकांना माहीत असते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे ही क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. शेजारी तक्रार करतात भुंकण्याची. कोंडून ठेवल्याची कोणी करत नाही.

कोणता कुत्रा घ्यावा?

लष्कर आणि निमलष्करी दलांसोबतच्या व्हिडिओंमुळे बेल्जियन मॅलिनॉइसची क्रेझ आहे. दिवसभर रिकाम्या राहणाऱ्या फ्लॅटसाठी याहून वाईट निवड सापडणे कठीण. हस्की त्याच्या पाठोपाठ, शिवाय त्याला ऊन सोसत नाही. याउलट, आपल्याकडचा सडपातळ कारवानी दिसायला धावपटू असला, तरी जोरात धावून आल्यावर निवांत पडून राहणारा. कुंपण घातलेले मोकळे मैदान दिवसाआड मिळाले तर तो फ्लॅटमध्ये रमू शकतो. फक्त मांजर दिसली की पट्टा घट्ट धरावा लागतो. स्वभाव कळलेला प्रौढ देशी कुत्रा दत्तक घेणे हा आणखी सोपा मार्ग, कारण पिल्लूपणाचे पहिले वर्ष त्याने मागे टाकलेले असते.

पिल्लूच हवे असेल, तर २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. ते घरी आणण्यापूर्वी एक आठवडा तालीम करून पाहावी. पहाटे साडेपाचला उठून, रिकामा पट्टा हातात घेऊन, पाऊण तास जळोचीच्या रस्त्यावर चालायचे. रात्री पुन्हा तेवढेच.