अल्केन: अलिप्त रेणूंचे रसायन

अल्केन म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन असलेली आणि सगळे बंध एकेरी असलेली संयुगे. साखळी सरळ असो वा फाटे फुटलेली, हायड्रोजनची संख्या कार्बनच्या दुपटीहून दोनने जास्त असते. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्यूटेन ही या कुटुंबाची पहिली चार नावे. हे रेणू कमालीचे अलिप्त असतात: साध्या तापमानाला आम्ल, अल्कली, पोटॅशियम परमँगनेट यांपैकी कशालाही दाद देत नाहीत. कार्बन-हायड्रोजन बंध मजबूत असतो आणि त्यात विद्युतभाराची ओढाताण जवळपास नसते, त्यामुळे बाहेरच्या अभिक्रियाकाला धरायला जागाच सापडत नाही. तेलशुद्धीकरणाचा सारा खटाटोप या अलिप्तपणाशीच चालतो.

कच्चे तेल हे अशा असंख्य रेणूंचे मिश्रण. १९७४ साली 'सागर सम्राट' या तेलविहीर खोदणाऱ्या मंचाने अरबी समुद्रात शोधलेल्या मुंबई हायच्या तेलात गंधक कमी आणि मेण भरपूर, म्हणजे लांब साखळ्यांचे अल्केन बरेच. शुद्धीकरण कारखान्यात आधी तेलातले मीठ-पाणी काढतात, मग भट्टीत सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ते उंच मनोऱ्यात सोडतात. साखळी जितकी लांब तितके रेणूंमधले आकर्षण जास्त आणि उत्कलनबिंदूही वरचा. म्हणून मनोऱ्याच्या माथ्यावर वायू आणि नॅफ्था निघतात, मधल्या तबकांवर रॉकेल आणि डिझेल जमते, तळाशी दाट गाळ उरतो. हा गाळ आणखी तापवला तर रेणू स्वतःहून तुटून कोक धरतात, म्हणून त्याचे पुढचे ऊर्ध्वपातन निर्वातात, कमी तापमानाला करतात.

स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन दाबाखाली द्रव होऊन बसलेले असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन मात्र शून्याच्या जेमतेम अर्धा अंश खाली. त्यामुळे लडाखच्या हिवाळ्यात ब्यूटेन द्रवरूपातच राहतो आणि सिलिंडर भरलेला असूनही शेगडी पेटत नाही. गळतीचा म्हणून जो वास येतो तो गॅसचा नसतोच. अल्केनला वास नसल्यामुळे मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा तो वास.

मनोरा रेणू वेगळे करतो, बदलत नाही. बाजाराला पेट्रोल हवे आणि तेलात निघतो जड भाग, ही अडचण १९१३ मध्ये विल्यम बर्टन यांच्या औष्णिक भंजनाने थोडी सुटली: उष्णता आणि दाबाने लांब साखळ्या तोडायच्या. १९३०च्या दशकात यूजीन हूद्री यांनी त्यासाठी उत्प्रेरक आणला. आज हे काम झिओलाइट करतो. साखळी तुटताना हायड्रोजन सगळ्या तुकड्यांना पुरत नाही, म्हणून एक तुकडा अल्केन आणि दुसरा दुहेरी बंधाचा अल्कीन होतो. ही त्रुटीच प्लॅस्टिक उद्योगाचे भांडवल ठरली. रायगडमधल्या नागोठण्याचा कारखाना मुंबई हायच्या वायूतले इथेन-प्रोपेन घेऊन उभा राहिला. अशा ठिकाणी इथेन वाफेसोबत ८०० अंशांच्या वर एक सेकंदही न ठेवता फोडतात आणि इथिलीन मिळवतात. जास्त वेळ ठेवले तर नळ्यांत काजळीच साचते.

अणू तेवढेच ठेवून नुसती मांडणी बदलली तरी गुण बदलतात. पेंटेनचे तीन समघटक: सरळ साखळीचा ३६ अंशांना उकळतो, एका फाट्याचा २८ ला, सर्वांत गोळीबंद ९.५ ला. ऑक्टेनचे असे १८ प्रकार आहेत. सरळ हेप्टेन इंजिनात दाबाखाली वेळेआधी पेटून खटखट करतो, म्हणून त्याचा ऑक्टेन अंक शून्य. फाटे फुटलेल्या आयसोऑक्टेनचा १००. पूर्वी हा अंक शिशाच्या संयुगाने वाढवत असत. भारतात ते २००० साली थांबले. त्याहून बरा मार्ग म्हणजे प्लॅटिनमवर साखळ्यांची पुनर्रचना.

अल्केनची नेहमीची अभिक्रिया अर्थातच ज्वलन: एक मोल मिथेन जळताना सुमारे ८९० किलोजूल देतो, हवा अपुरी पडली तर मात्र कार्बन मोनॉक्साइड होतो. अभ्यासाला खरी मजेची अभिक्रिया क्लोरीनची. अंधारात मिथेन-क्लोरीनचे मिश्रण तसेच पडून राहते. अतिनील प्रकाश पडला की क्लोरीनचा रेणू दुभंगतो, सुटा अणू मिथेनचा हायड्रोजन हिसकावतो, उरलेला मिथाइल मूलक दुसऱ्या क्लोरीन रेणूवर झडप घालतो आणि नवा सुटा क्लोरीन अणू मोकळा होतो. एका ठिणगीतून हजारो फेऱ्या चालतात. तयार झालेल्या क्लोरोमिथेनचे उरलेले हायड्रोजनही असेच हिसकावले जातात, म्हणून एकाऐवजी चार क्लोरोमिथेनांची भेसळ हाती येते. ब्रोमीन संथ पण चोखंदळ. प्रोपेनमध्ये क्लोरीन मधल्या कार्बनवर जेमतेम निम्म्याहून जास्त वेळा बसतो, ब्रोमीन ९७ टक्क्यांच्या आसपास. फ्लोरीनचा स्फोट होतो, आयोडीन जागचे हलत नाही.

या अलिप्तपणालाही उतारा आहे. क्लीव्हलंडमध्ये जॉर्ज ओला यांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात नाताळच्या मेजवानीतली उरलेली मेणबत्ती अतितीव्र आम्लात टाकली आणि मेण विरघळले. वर्णपटात तृतीयक-ब्यूटाइल कॅटायनची, म्हणजे साखळी तुटून झालेल्या धनभारित तुकड्याची, ठसठशीत रेघ दिसली. ओला यांना १९९४ चे नोबेल मिळाले. मिथेनचे सरळ मिथेनॉल करणे मात्र अजून उद्योगाला जमलेले नाही: मिथेनॉल मिथेनपेक्षा लवकर ऑक्सिडीकृत होते, म्हणून अभिक्रिया तिथे थांबत नाही. कारखाने आधी मिथेन वाफेने फोडून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन करतात, मग मिथेनॉल जोडतात. दलदलीतले काही जीवाणू तेच काम साध्या तापमानाला, लोह किंवा तांबे असलेल्या विकराने करतात.