बायकांची प्रवासवर्णनं इतिहासाला काय देतात?

इतिहासाचं साधन म्हटलं की आपल्याला ताम्रपट, बखरी, सरकारी दप्तरं आठवतात. बाईनं लिहिलेलं प्रवासवर्णन मात्र आपण हौसेचं वाचन म्हणून बाजूला ठेवतो. मला वाटतं, तिथंच एक चांगला साक्षीदार हातचा जातो.

पंडिता रमाबाईंचंच उदाहरण घेऊ. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथंच ख्रिस्ती झाल्या. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला पोचल्या, त्या अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. 1889 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं : ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. नाव नीट वाचा बरं का. लोकस्थिती आधी, प्रवास नंतर! राज्यकारभार, घरसंसार, शिक्षण, बायकांच्या संस्था, सगळं त्यात आहे. कौतुक भरपूर आहे. पण काळ्या लोकांना मिळणारी वागणूक आणि तिथल्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय त्यांनी झाकला नाही.

अशा पुस्तकात दोन देश दिसतात : एक पाहिलेला आणि दुसरा मनात धरून ज्याच्याशी तुलना चाललेली असते तो. तिथल्या मुलींच्या कॉलेजांबद्दल वाचताना इथल्या मुलींना काय मिळत नव्हतं, तेही कळतं.

अर्थात, साक्षीदाराची उलटतपासणी हवीच. कुणासाठी लिहिलं? कशासाठी? 1887 मध्ये रमाबाईंनी ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ इंग्रजीत लिहिलं, ते अमेरिकन वाचकांसाठी. विधवांच्या शाळेसाठी तिथून मदत उभी करायची होती. मराठी पुस्तक घरच्या माणसांसाठी होतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की एकच बाई कुणाला काय सांगते, ते उमगतं.

आता आपल्या भागाकडे वळू. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. तारीख कायद्यात आहे, रेघ नकाशात आहे. पण निपाणीहून कागलला माहेरी जाणाऱ्या लेकीला त्या रेघेमुळे काय फरक पडला? सौंदत्तीच्या यात्रेला निघालेल्या बायका कुठं मुक्काम करायच्या, शिदोरीत काय न्यायच्या? हे दप्तरात सापडायचं नाही. ते आज्यांच्या तोंडी आहे, एखादीच्या जुन्या वहीत किंवा पत्रातही असेल.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक विनंती. या सुट्टीत आजीचा एक प्रवास लिहून घ्या. साल, गाव, वाहन, सोबतीला कोण, सगळं विचारा. तिच्या बोलण्यातली कानडी ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. तीही पुरावाच आहे. 1956 साली विशीत असलेली सून आज नव्वदीच्या घरात आहे.